जुने जपानी रेंजफाइंडर कॅमेरे: निवड, तपासणी आणि वापर

फिल्मवर छायाचित्रे काढण्याची इच्छा असलेल्या, पण लायकासारख्या महागड्या नावांकडे वळण्याची ऐपत किंवा गरज नसलेल्या नवख्या व्यक्तीसाठी १९६० आणि १९७० च्या दशकांत जपानमध्ये तयार झालेले, भिंग कायमचे बसवलेले ३५ मिमी रेंजफाइंडर कॅमेरे हा आजही अतिशय चांगला मार्ग आहे. कॅनन, याशिका, मिनोल्टा, ऑलिंपस, कोनिका आणि रिको या कंपन्यांनी त्या काळी मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी हे कॅमेरे मोठ्या संख्येने बनवले. त्यामुळे ते आजही सापडतात, आणि त्यांच्यावरील भिंगे इतकी उत्तम आहेत की छायाचित्राच्या दर्जात कॅमेऱ्याचा स्वस्तपणा दिसत नाही. या लेखात असा पहिला कॅमेरा कसा निवडावा, विकत घेण्यापूर्वी तो कसा तपासावा, वापरता कसा करावा आणि पुढे लहानसा संग्रह कसा वाढवावा, याची माहिती क्रमाने दिली आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच ठामपणे सांगतो: या कॅमेऱ्यांचे वय आता पन्नास वर्षांच्या आसपास आहे, त्यामुळे कोणत्या कंपनीचे कोणते मॉडेल घ्यायचे यापेक्षा समोर असलेला तो एक कॅमेरा कोणत्या स्थितीत आहे, हा प्रश्न कितीतरी महत्त्वाचा आहे.

रेंजफाइंडरचे काम कसे चालते

एसएलआर कॅमेऱ्यात आपण आरशामार्फत थेट भिंगातून पाहतो. रेंजफाइंडरमध्ये पाहण्याची खिडकी वेगळी असते आणि भिंगातून फक्त फिल्मलाच दिसते. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला एकमेकींपासून काही अंतरावर दोन खिडक्या असतात. माणसाचे दोन डोळे थोड्या वेगळ्या कोनांतून पाहून अंतराचा अंदाज घेतात, त्याच तत्त्वावर या दोन खिडक्यांतून आलेल्या प्रतिमा आत बसवलेल्या अर्धपारदर्शक आरशाच्या साह्याने एकावर एक आणल्या जातात. व्ह्यूफाइंडरच्या मध्यभागी एक लहान, बहुधा पिवळसर ठिपका दिसतो आणि त्यात समोरच्या वस्तूची दुहेरी आकृती दिसते. भिंगावरील कडे फिरवून या दोन आकृत्या तंतोतंत जुळल्या की फोकस झाला.

या रचनेचे काही थेट फायदे आहेत. आरसा उचलला जात नसल्याने धक्का बसत नाही, आणि शटर भिंगाच्या आतच पाकळ्यांच्या स्वरूपात असल्याने त्याचा आवाज अगदी हलका येतो. म्हणून १/३० सेकंदाला आणि सराव झाल्यावर १/१५ सेकंदालाही हातात धरून स्वच्छ छायाचित्र काढता येते. फ्लॅश कोणत्याही शटरवेगाला जुळतो. कापडी पडद्याचे शटर असलेल्या महागड्या रेंजफाइंडरमध्ये भिंग सूर्याकडे रोखून ठेवले तर पडद्याला भोक पडू शकते; पाकळ्यांच्या शटरला ही भीती नाही. मर्यादाही समजून घ्याव्यात. यांतील बहुतेक कॅमेरे साधारण ०.८ ते ०.९ मीटरपेक्षा जवळचे फोकस करू शकत नाहीत, भिंग बदलता येत नाही, आणि भिंगावरचे झाकण काढायला विसरले तरी व्ह्यूफाइंडरमध्ये सारे काही व्यवस्थित दिसत राहते. त्यामुळे हे झाकण कॅमेरा हातात घेताच खिशात टाकावे.

पहिला कॅमेरा कोणता घ्यावा

या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध नाव म्हणजे कॅनोनेट. कॅननने १९६१ मध्ये पहिला कॅनोनेट १८,८०० येन किमतीला बाजारात आणला. एफ/१.९ चे वेगवान, म्हणजे जास्त प्रकाश आत घेणारे भिंग आणि स्वयंचलित प्रकाशमापन एवढ्या किमतीत मिळणे ही त्या वेळी मोठी घटना होती, आणि पुढील दीड दशकभर बाकीच्या कंपन्यांना त्याच्याशी स्पर्धा करावी लागली. या मालिकेतील आज सर्वाधिक मागणी असलेला कॅमेरा म्हणजे १९७२ चा कॅनोनेट क्यूएल १७ जी-थ्री. त्यावर ४० मिमी एफ/१.७ भिंग असून शटरवेग १/४ ते १/५०० सेकंद आहेत. शटरवेग आपण निवडायचा आणि छिद्र, म्हणजेच अ‍ॅपर्चर, कॅमेऱ्याने ठरवायचे, अशी त्याची स्वयंचलित पद्धत आहे. शटर पूर्णपणे यांत्रिक असल्यामुळे बॅटरी नसतानाही सर्व वेगांवर तो चालतो, फक्त मीटर मिळत नाही. हातांनी छिद्र निवडण्याच्या पद्धतीत या कॅमेऱ्याचे मीटर बंद होते, ही त्याची खरी उणीव आहे.

याशिका इलेक्ट्रो ३५ ची कथा वेगळी आहे. १९६६ मध्ये आलेल्या या कॅमेऱ्यात शटरवेग इलेक्ट्रॉनिक मंडलाने ठरतो. आपण छिद्र निवडायचे आणि उरलेले काम कॅमेऱ्याने करायचे. ४५ मिमी एफ/१.७ याशिनॉन भिंग आणि अंधारात कित्येक सेकंदांपर्यंत आपोआप उघडे राहणारे शटर यांमुळे रात्रीच्या रस्त्यांसाठी याच्या तोडीचा स्वस्त कॅमेरा मला माहीत नाही. १९७३ ची जीएसएन ही आवृत्ती सर्वांत सहज मिळते. मात्र शटरवेग किती आहे हे कॅमेरा सांगत नाही. वेग १/३० पेक्षा मंद होत असेल तर पिवळा दिवा, प्रकाश फारच जास्त असेल तर लाल दिवा, एवढीच सूचना मिळते. हातांनी शटरवेग निवडण्याची सोय नाही आणि बॅटरीशिवाय शटर फक्त १/५०० वर चालते. कॅमेरा आकाराने मोठा आणि वजनाने पाऊण किलोच्या जवळपास आहे.

ज्यांना लहान कॅमेरा हवा आहे त्यांनी १९७० चा ऑलिंपस ३५ आरसी पाहावा. त्याचे भिंग ४२ मिमी एफ/२.८ म्हणजे थोडे कमी वेगवान आहे, पण छिद्र आणि शटरवेग दोन्ही व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतात. प्रकाशमापन शिकणाऱ्याला या एका गोष्टीचा जेवढा उपयोग होतो तेवढा एफ/१.७ चा होत नाही, असे माझे मत आहे. मिनोल्टाचा १९६६ चा हाय-मॅटिक ७एस हा मोठा, दणकट आणि अनेकदा दुर्लक्षित राहणारा कॅमेरा आहे. त्यावर ४५ मिमी एफ/१.८ भिंग असून तो पूर्ण स्वयंचलित किंवा पूर्णपणे हाताने चालवता येतो. याच घराण्यातील पहिला हाय-मॅटिक अमेरिकेत आन्स्को ऑटोसेट या नावाने विकला जात असे, आणि २० फेब्रुवारी १९६२ रोजी अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी पृथ्वीप्रदक्षिणा करताना त्याच कॅमेऱ्याने अंतराळातून छायाचित्रे काढली. कोनिका ऑटो एस२, रिको ५००जी आणि कोनिका सी३५ हेही विचारात घेण्याजोगे आहेत. सी३५ मध्ये मात्र छिद्र आणि वेग दोन्ही कॅमेराच ठरवतो, त्यामुळे शिकण्यासाठी तो तितकासा उपयोगी नाही.

पहिल्या खरेदीसाठी काळ्या रंगाच्या आवृत्त्या, मिनोल्टा हाय-मॅटिक ७एसटू किंवा कोनिका ऑटो एस३ यांच्यामागे लागू नये. ते उत्कृष्ट कॅमेरे आहेत, पण त्यांच्या किमतीत संग्राहकांच्या हौसेचा मोठा वाटा आहे. तसेच भिंगाभोवती मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी दिसणारे सेलेनियम मीटरचे कॅमेरे सुरुवातीला टाळावेत. त्यांना बॅटरी लागत नाही हे खरे, पण सेलेनियमचा पट्टा एकदा निकामी झाला की तो दुरुस्त होत नाही.

कोठे शोधावा

पहिला शोध घरातच घ्यावा. आपल्याकडे याशिका आणि मिनोल्टा ही नावे एके काळी घराघरांत परिचित होती, आणि परदेशातून परतणाऱ्या नातेवाइकांनी आणलेले असे कॅमेरे आजही अनेक कपाटांत पडून आहेत. मुंबईत चोर बाजारातील मटन स्ट्रीट आणि फोर्ट परिसरातील कॅमेऱ्यांची दुकाने, पुण्यात जुना बाजार, ही प्रत्यक्ष हाताळून घेण्याची ठिकाणे आहेत. हाताळून घेता येणे हा इतका मोठा लाभ आहे की त्यासाठी थोडी जास्त किंमत मोजणे मला योग्य वाटते.

जपानमधून ऑनलाइन मागवायचा असल्यास विक्रेत्यांची परिभाषा समजून घ्यावी. तेथे ‘जंक’ या शीर्षकाखाली विकली जाणारी वस्तू चालू असेलही, पण तिची कोणतीही हमी नसते आणि ती परत घेतली जात नाही. दुसऱ्या टोकाला ‘एक्सलंट’ या शब्दापुढे चार-पाच अधिकचिन्हे लावलेली श्रेणी असते. तिचा अर्थ बहुधा बाहेरून स्वच्छ एवढाच घ्यावा. वर्णनात शटर, मीटर, रेंजफाइंडर आणि भिंगातील बुरशी या चारही गोष्टींचा स्वतंत्र उल्लेख नसेल तर विचारून घ्यावे. टपालखर्च आणि सीमाशुल्क धरल्यावर अंतिम किंमत बरीच वाढते, याचाही हिशेब आधीच करावा.

तपासणी

खरेदीचा निर्णय या भागावर अवलंबून असल्याने येथे घाई करू नये. सोबत मोबाइलचा टॉर्च, चालू बॅटरी आणि कापसाचे बोळे लावलेल्या काड्या असाव्यात.

प्रथम भिंग पाहावे. मागचे दार उघडून, शटर बी या खुणेवर ठेवून बटण दाबून धरावे आणि मागून टॉर्चचा प्रकाश तिरपा टाकत समोरून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, आणि एकसारखा दुधी पडदा म्हणजे आत साचलेला वंगणाचा थर असतो. धुळीचे चार कण छायाचित्रावर काहीही परिणाम करत नाहीत. समोरच्या काचेवरील एखादा बारीक ओरखडाही फारसा उपद्रव देत नाही, पण मागच्या काचेवरील ओरखडा टाळावा. बुरशी कडेला आणि थोडी असेल तर जाणकार कारागीर ती काढू शकतो. ती जुनी असेल तर काचेवरील थर कायमचा खाल्लेला असतो आणि स्वच्छ केल्यावरही तिचा ठसा राहतो.

नंतर शटर. फिल्म पुढे सरकवणारा लीव्हर ओढून सर्व वेगांवर अनेकदा बटण दाबावे आणि मागून पाकळ्यांकडे पाहावे. १/४ आणि १/५०० या दोन वेगांतला फरक कानांना आणि डोळ्यांना स्पष्ट कळला पाहिजे. पाकळ्या हळूहळू उघडत असतील, अर्धवट अडकत असतील किंवा पहिल्यांदा न उघडता तिसऱ्यांदा उघडत असतील, तर त्यांच्यावर वंगणाचा थर पसरलेला आहे. दीर्घकाळ पडून राहिलेल्या कॅनोनेटमध्ये हा दोष वारंवार आढळतो. छिद्राच्या पाकळ्याही अशाच चिकटतात, म्हणून छिद्राचे कडे फिरवून त्या लगेच हलतात का, ते पाहावे. सेल्फ-टायमर मात्र चालवून पाहू नये. त्याची यंत्रणा वर्षानुवर्षे हललेली नसते आणि ती मध्येच अडकली तर चालू शटरही बंद पडते.

येथे एक बाब ठाऊक असणे आवश्यक आहे. कॅनोनेट जी-थ्री आणि ऑलिंपस ३५ आरसी या कॅमेऱ्यांचे कडे स्वयंचलित खुणेवर असताना प्रकाश मोजमापाच्या बाहेर असेल किंवा बॅटरीच नसेल, तर बटण मुद्दाम अडवले जाते. अनेक विक्रेते अशा कॅमेऱ्याला ‘बंद’ समजतात आणि अनेक ग्राहक तो नाकारतात. कडे स्वयंचलित खुणेवरून काढून एखाद्या छिद्रावर आणले की शटर चालते. ज्याला हे माहीत आहे त्याला असा ‘बंद’ कॅमेरा फार कमी किमतीत मिळू शकतो.

याशिका इलेक्ट्रोची परीक्षा वेगळी आहे. त्याच्या आत रबराची एक बारीक गादी असते आणि ती वयानुसार कुजून पडते. मग शटरवेग चुकू लागतात आणि उजेडात काढलेली छायाचित्रेही अकारण उजळ येतात. लीव्हर सावकाश ओढताना किंवा शेवटी ‘खट्’ असा मंद आवाज आला तर ही गादी बहुधा शाबूत आहे. आवाज नसेल तर दुरुस्तीचा खर्च गृहीत धरावा. बॅटरी घालून तपासणीचे बटण दाबल्यावर फिल्मच्या आकड्याखाली हिरवा दिवा लागला पाहिजे. त्यानंतर शटरचे बटण अर्धे दाबून, भिंग खिडकीकडे आणि मग अंधाऱ्या कोपऱ्याकडे वळवून, लाल आणि पिवळे दिवे आळीपाळीने लागतात का ते पाहावे.

रेंजफाइंडर तपासण्यासाठी भिंग अनंताच्या खुणेवर ठेवून शक्य तितक्या दूरच्या उभ्या वस्तूकडे पाहावे. मोबाइलचा मनोरा किंवा दूरच्या इमारतीची कड यासाठी चांगली. दोन्ही आकृत्या आडव्या दिशेने तंतोतंत जुळल्या पाहिजेत. एक वर आणि एक खाली दिसत असेल तर तो उभा दोष आहे. त्याने फोकस चुकत नाही, पण डोळ्यांना त्रास होतो. दोन्ही दोष दुरुस्त होतात. ठिपकाच दिसत नसेल तर मात्र अर्धपारदर्शक आरशाचा मुलामा उडालेला असू शकतो. ठिपका केवळ फिकट असेल तर पुढच्या मुख्य खिडकीवर नेमक्या मध्यभागी काळ्या चिकटपट्टीचा लहानसा तुकडा लावावा, तो लगेच ठळक दिसू लागतो. आतला आरसा अल्कोहोलने किंवा कापडाने पुसण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण मुलामा पहिल्याच पुसण्यात निघून जातो.

शेवटी बॅटरीचा कप्पा उघडून पाहावा. पांढरी किंवा हिरवट पूड थोडी असेल तर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या काडीने पुसून, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने कोरडी करता येते. झाकण जाम झालेले असेल किंवा संपर्कपट्टी गळून गेली असेल, तर क्षार तारेतून वरपर्यंत पोचलेला असण्याची शक्यता मोठी आहे.

बॅटरीचा प्रश्न

हे कॅमेरे पाऱ्याच्या सेलसाठी बनवले गेले. पाऱ्याचा सेल १.३५ व्होल्ट देतो आणि संपेपर्यंत तो दाब जवळजवळ स्थिर ठेवतो. जपानमधील मिनामाता येथे पाऱ्याच्या प्रदूषणाने जी भीषण रोगराई पसरली, तिच्याच नावाने २०१३ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने पाऱ्याचा वापर आटोक्यात आणला. त्याआधीच अनेक देशांनी हे सेल बंद केले होते. कप्प्यात जुना पाऱ्याचा सेल सापडला तर तो कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनाकडे द्यावा.

कॅनोनेट, ऑलिंपस ३५ आरसी आणि हाय-मॅटिक ७एस यांना पीएक्स ६२५ आकाराचा सेल लागतो. त्याच आकाराचे अल्कलाइन सेल मिळतात, पण ते १.५ व्होल्टपासून सुरू होतात आणि हळूहळू उतरत जातात. जास्त दाबामुळे मीटरला प्रकाश आहे त्यापेक्षा अधिक वाटतो आणि छायाचित्र अंधारे येते. सर्वांत सोपा आणि स्वस्त उपाय म्हणजे श्रवणयंत्रात वापरला जाणारा ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल. तो १.४ व्होल्ट देतो, औषधांच्या दुकानांत किंवा श्रवणयंत्रांच्या केंद्रांत मिळतो, आणि आकाराने लहान असल्याने त्याच्याभोवती रबराची किंवा पुठ्ठ्याची कडी घालून तो मध्यभागी बसवावा लागतो. हवा लागू लागली की हा सेल वापर असो वा नसो, एक-दोन महिन्यांत संपतो. म्हणून पाकिटातील एकेकच सेल उघडावा. कायमचा उपाय हवा असल्यास सिल्व्हर ऑक्साइड सेलचा दाब डायोडने कमी करणारा अ‍ॅडॉप्टर मिळतो. तो महाग आहे, पण एकच घेऊन सर्व कॅमेऱ्यांत फिरवता येतो.

याशिका इलेक्ट्रोमध्ये मूळ ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी होती. तिच्या जागी ६ व्होल्टची ४एलआर४४ बॅटरी आणि लांबी भरून काढणारा धातूचा अ‍ॅडॉप्टर वापरला तर हा फरक व्यवहारात जाणवत नाही. कॅमेरा पिशवीत ठेवताना बटणाभोवतीचे कुलूप फिरवून ठेवावे, नाहीतर बटण अर्धे दाबले जाऊन बॅटरी उतरते.

प्रकाशबंद फोम

मागच्या दाराच्या खाचांत बसवलेला काळा फोम या वयात डांबरासारखा चिकट झालेला असतो किंवा पूड होऊन पडतो. तो न बदलता रोल भरला तर छायाचित्रांवर नारिंगी पट्टे उमटतात. जुना फोम टूथपिक आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढावा. हे करताना भिंगाचे मागचे तोंड कागदाने झाकावे, कारण पूड शटरच्या पाकळ्यांत गेली तर नवीच अडचण उभी राहते. अरुंद खाचांत विणकामाची काळी लोकर दाबून बसवली तरी काम चोख होते. बिजागरीच्या रुंद बाजूला दीड-दोन मिमी जाडीचा चिकट फोम लावावा. हे काम एका संध्याकाळी घरी होते आणि त्यासाठी कारागिराची गरज नाही.

पहिला रोल

पहिला रोल हा चाचणीचा रोल समजावा आणि त्यावर लग्न किंवा प्रवास टिपण्याची जोखीम घेऊ नये. २०० संवेदनशीलतेची (आयएसओ) रंगीत निगेटिव्ह फिल्म सुरुवातीला योग्य ठरते, कारण ती थोडा जास्त प्रकाश सहज सहन करते. आपल्याकडील ऊन आणि या कॅमेऱ्यांचा १/५०० हा कमाल वेग यांचा मेळ बसवताना हे लक्षात ठेवावे की ४०० ची फिल्म भर दुपारी घातली तर छिद्र एफ/१६ पर्यंत बंद करावे लागते. एफ/१.७ भिंग घेऊन पार्श्वभूमी धूसर करण्याची अपेक्षा उन्हात पूर्ण होत नाही. १०० च्या फिल्मवरही १/५०० ला एफ/८ च लागते. अशा छायाचित्रांसाठी सावली, सकाळ किंवा संध्याकाळ गाठावी.

रोल भरताना रिवाइंडची मूठ वर ओढून दार उघडावे, फिल्मचे टोक उजवीकडील रिळाच्या खाचेत घालावे आणि दोन्ही कडांची छिद्रे दातांवर बसल्याची खात्री करून मगच दार लावावे. कॅनोनेटच्या क्यूएल (क्विक लोड) पद्धतीत टोक लाल खुणेपर्यंत आणून दार बंद केले की पुरते. त्यानंतर रिवाइंडची मूठ हलकेच फिरवून फिल्मचा ढिलेपणा काढावा, आणि लीव्हर ओढताना ही मूठ उलटी फिरते का, ते पाहावे. ती फिरत नसेल तर फिल्म पुढे सरकत नाही आणि संपूर्ण रोल कोरा निघेल. फिल्मची संवेदनशीलता चकतीवर लावण्यास विसरू नये. रोल संपल्यावर तळाचे बटण दाबून, फिल्म पूर्ण गुंडाळली गेल्याशिवाय दार उघडू नये.

मीटरवर विश्वास ठेवण्यापूर्वी त्याची मोबाइलवरील प्रकाशमापक अ‍ॅपशी तुलना करावी. सावली, ऊन आणि घरातील उजेड या तिन्ही ठिकाणी फरक सारखाच येत असेल तर संवेदनशीलतेची चकती थोडी वर-खाली करून तो भरून काढता येतो. मीटर पूर्ण बंद असले तरी यांत्रिक शटरचा कॅमेरा निरुपयोगी होत नाही. स्वच्छ उन्हात छिद्र एफ/१६ आणि शटरवेग फिल्मच्या संवेदनशीलतेच्या जवळचा, म्हणजे २०० च्या फिल्मला १/२५०, हा जुना नियम लक्षात ठेवावा. हलके ढग असतील तर एफ/११ आणि मोकळ्या सावलीत एफ/४ धरावे. या नियमाने महिनाभर छायाचित्रे काढणारी व्यक्ती मीटर असलेल्या कॅमेऱ्याकडूनही अधिक काढून घेते, कारण मीटर कधी फसत आहे हे तिला कळते.

प्रत्येक छायाचित्राचे छिद्र, वेग आणि अंतर वहीत लिहून ठेवावे. काही छायाचित्रे सर्वांत जवळच्या अंतरावर आणि छिद्र पूर्ण उघडे ठेवून, तर काही अनंतावर काढावीत. रोल धुवून आल्यावर या नोंदींवरूनच कळते की फोकस पुढे जातो आहे की मागे, आणि मंद वेग खरोखर मंद आहेत की त्याहूनही मंद झाले आहेत.

रंगीत रोल सी-४१ या रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या प्रक्रियेसाठी प्रयोगशाळेकडे द्यावा आणि निगेटिव्ह आवर्जून परत मागावी, कारण अनेक ठिकाणी केवळ स्कॅन पाठवून काम संपवले जाते. कृष्णधवल रोल घरी धुणे कठीण नाही. उदाहरणार्थ, एचपी५ प्लस ही फिल्म डी-७६ या डेव्हलपरच्या एकास एक द्रावणात २० अंश सेल्सिअसला ११ मिनिटे धुतात. आपल्याकडे नळाचे पाणी उन्हाळ्यात याहून बरेच गरम असल्याने रसायनांच्या बाटल्या बर्फ टाकलेल्या पाण्यात ठेवून तापमान उतरवावे लागते. विमानप्रवासात फिल्म कधीही सामानात देऊ नये. ती हातात ठेवून हातानेच तपासण्याची विनंती करावी. वर्षभरात फिल्म आणि धुलाईचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीच्या पुढे सहज जातो, म्हणून अंदाजपत्रक आखताना कॅमेऱ्यावर सर्व पैसे संपवू नयेत.

पावसाळ्यातील जपणूक

कोकण, गोवा आणि मुंबईच्या हवेत या कॅमेऱ्यांचा सर्वांत मोठा शत्रू बुरशी आहे. कॅमेऱ्यासोबत आलेले मूळ चामड्याचे आवरण कितीही देखणे असले तरी त्यात कॅमेरा ठेवू नये, कारण चामडे ओलावा धरून ठेवते आणि बुरशी प्रथम तेथेच धरते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात रंग बदलणारे सिलिका जेल आणि एक लहान आर्द्रतामापक ठेवावा, आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी. फारच कोरड्या हवेत वंगण सुकते, म्हणून शून्याकडे नेण्याचा अट्टहास नको. सिलिका जेलचा रंग उतरला की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते. संग्रह वाढल्यावर विजेवर चालणारी कोरडी पेटी घेणे हा खर्च सार्थकी लागतो.

महिन्यातून एकदा प्रत्येक कॅमेरा बाहेर काढून सर्व वेगांवर शटर चालवावे, फोकसचे कडे टोकापासून टोकापर्यंत फिरवावे आणि भिंग उजेडात पाहावे. ठेवताना शटर ताणलेले ठेवू नये आणि बॅटरी काढून ठेवावी. बुरशी लागलेला कॅमेरा स्वच्छ होईपर्यंत इतरांपासून वेगळ्या डब्यात असावा.

संग्रह कसा वाढवावा

एक कॅमेरा पूर्ण कळल्यानंतरच दुसरा घ्यावा, आणि दुसरा घेताना पहिल्यात नसलेले काहीतरी त्यात असावे. स्वस्त मिळाले म्हणून एकाच प्रकारचे पाच कॅमेरे जमवण्यापेक्षा एखादा धागा धरून जमवलेले चार कॅमेरे अधिक शिकवतात. माझ्या दृष्टीने सर्वांत समृद्ध धागा स्वयंचलनाचा आहे: १९६१ चा सेलेनियमवर चालणारा कॅनोनेट, १९६६ चा इलेक्ट्रॉनिक शटरचा याशिका इलेक्ट्रो, १९६८ चा खिशात मावणारा कोनिका सी३५, आणि शेवटी १९७७ चा कोनिका सी३५ एएफ. हा शेवटचा कॅमेरा रेंजफाइंडर नाही. तो मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला स्वयंचलित फोकसचा कॅमेरा आहे, आणि हाताने दोन आकृत्या जुळवण्याची गरजच त्याने संपवल्यामुळे या संपूर्ण वर्गाचा अस्त त्याच्यापासून सुरू झाला. म्हणून संग्रहात त्याला जागा असावी.

काही कॅमेऱ्यांवर सोनेरी रंगाचा, लंबवर्तुळाकार, ‘पास्ड’ असे लिहिलेला छोटा कागद चिकटवलेला असतो. निर्यात होणाऱ्या जपानी कॅमेऱ्यांची गुणवत्ता तपासण्यासाठी १९५४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेची ती खूण आहे. साफसफाई करताना ती काढून टाकू नये. प्रत्येक कॅमेऱ्यासाठी वहीत एक पान ठेवून त्यावर मालिका क्रमांक, कोठून घेतला, कोणते दोष होते, कोणी काय दुरुस्त केले आणि फिल्टरचा व्यास किती, हे लिहावे. इलेक्ट्रो जीएसएनला ५५ मिमी, कॅनोनेट जी-थ्रीला ४८ मिमी आणि ३५ आरसीला ४३.५ मिमी फिल्टर लागतो, आणि बाजारात ऐन वेळी हे आकडे आठवत नाहीत. कारागिराकडे कॅमेरा देताना याच पानाची प्रत आणि दोष दाखवणाऱ्या दोन-तीन निगेटिव्ह सोबत द्याव्यात, म्हणजे शटर, रेंजफाइंडर की मीटर, कशाकडे प्रथम पाहायचे हे त्याला विचारावे लागत नाही.